बाटली, कॅन की खोकं? इटालियन वाईनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात मी इथे चार ओळी लिहिल्या होत्या की इटलीतली जुनी, गावाकडची वाईन आता कॅनमध्ये, खोक्यात, कागदी बाटलीत यायला लागलीये आणि मला त्यात काही पाप वाटत नाही. तर त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले, आता उत्तरं पण तूच दे. काहींनी शिव्याही घातल्यात, गोड शब्दांत. मी ईशान्य इटलीतल्या व्हेनेतोमध्ये एका सहकारी वायनरीत, आधी बॉटलिंग लाइनवर आणि मग ऑफिसात, अशी बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे जे डोळ्यांसमोरून गेलंय ते सांगते, नाक वर करून बोलायला मला येत नाही.

प्रश्न : ताई, मी मिलानमध्ये मॅनेजमेंट शिकतोय. आमच्या ग्रुपला प्रोजेक्ट मिळालाय, ट्रेव्हिसोजवळची एक छोटी फॅमिली वायनरी आहे, त्यांचा प्रोसेको, म्हणजे तिथली फेसाळ वाईन, तरुण मुलांपर्यंत न्यायचा. आम्ही मस्त निळ्या रंगाचा कॅन डिझाइन केला आणि प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडला सर म्हणाले की हे बेकायदेशीर आहे, बसा खाली. प्रोसेको कॅनमध्ये का नाही चालत? बिअर चालते, मग हे का नाही?

अरे, सर बरोबर बोलले, पण कारण सांगितलं असतं तर तुमचा प्रोजेक्ट वाचला असता. ऐक. २००९ पर्यंत प्रोसेको हे द्राक्षाच्या जातीचं नाव होतं, आणि जातीचं नाव म्हटलं की ते कोणाच्या बापाचं नसतं, जगात कुठेही ती वेल लावा आणि बाटलीवर प्रोसेको लिहा, कोण अडवणार. त्यात २००६ च्या सुमारास एका ऑस्ट्रियन उद्योजकाने सोनेरी कॅनमध्ये 'रिच प्रोसेको' आणला आणि जाहिरातीला कोण तर पॅरिस हिल्टन! आता विचार कर, कोनेलियानो आणि व्हाल्दोबियादेनेच्या त्या उभ्या टेकड्यांवर जिथे मशीन जात नाही म्हणून आजही हाताने द्राक्षं तोडतात तिथल्या शेतकऱ्याने संध्याकाळी टीव्हीवर ते बघितलं तर त्याच्या डोक्यात काय गेलं असेल. नुसता थयथयाट झाला. कॅनचा राग होताच, पण खरी भीती नावाची होती, की उद्या हे नाव आपल्या हातातून जाणार.

म्हणून २००९ मध्ये त्यांनी जी चाल केली ती मला अजून भारी वाटते. द्राक्षाचं नाव बदलून 'ग्लेरा' केलं (म्हणजे जुनंच एक नाव पुन्हा वर काढलं) आणि त्रिएस्तेजवळ प्रोसेको नावाचं एक छोटं गाव आहे, त्या गावाचा आधार घेऊन प्रोसेको हे जागेचं नाव म्हणून नोंदवलं. व्हेनेतोचे ५ आणि फ्रिउली-व्हेनेझिया-जुलियाचे ४ असे ९ प्रांत आत घेतले, टेकड्यांना डीओसीजी दर्जा दिला (डीओसी म्हणजे जागेच्या नावाचा सरकारी दर्जा, डीओसीजी त्याच्याही वरचा) आणि नियमावलीत, ज्याला तिकडे दिशिप्लिनारे म्हणतात, लिहून टाकलं की वाईनमध्ये किमान ८५ टक्के ग्लेरा हवं आणि ती काचेच्या बाटलीतच भरायची. त्यामुळे कॅनमध्ये ग्लेराची वाईन भरायला कोणी अडवत नाही, फक्त भरली की तिला प्रोसेको म्हणता येत नाही. बारमध्ये नळाला लावली तरी तेच.

आता माझं मत विचारशील तर नावाच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, कॅनच्या बाबतीत मात्र जरा रागातच निर्णय झाला असं मला वाटतं, कारण त्याच भागातली हलकी फेसाळ फ्रिझ्झान्ते, जिच्यात दाब १ ते अडीच बारच असतो आणि जी मुळातच वर्षाच्या आत पिऊन संपवायची असते, ती कॅनसाठी जन्माला आल्यासारखी आहे. पण नियम तो नियम. तेव्हा तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं मांडा : प्रोसेको बाटलीतच राहू दे, त्याला हात लावू नका, आणि त्याच मळ्यातल्या द्राक्षांची साधी 'व्हिनो फ्रिझ्झान्ते' कॅनमध्ये काढा, वायनरीच्या स्वतःच्या नावाने. कॅनवर त्या कुटुंबाचं नाव मोठं. 'प्रो' असं लिहून पुढे टिंबं टिंबं वगैरे चलाखी करू नका, कॉन्सॉर्झियोचे, म्हणजे प्रोसेको उत्पादकांच्या संघाचे, वकील तुमच्यापेक्षा हुशार असतात.

आणि सरांना वाटलं की नाव सोडलं म्हणजे किंमत गेली, तर त्यांना सासिकायाची आठवण करून दे. तोस्कानातल्या बोल्गेरीत काबेर्ने द्राक्षाची ही वाईन १९६८ च्या हंगामापासून बाजारात आली, तिथल्या नियमांत बसत नव्हती म्हणून लेबलवर सगळ्यात खालचा दर्जा, 'व्हिनो दा ताव्होला', म्हणजे जेवणाच्या टेबलावरची साधी वाईन. लोकांनी डोक्यावर घेतली. शेवटी १९९४ मध्ये नियमांनाच तिच्यासाठी जागा करावी लागली. आता तुमचा निळा कॅन सासिकाया होणार नाही, हे आधीच सांगते, पण नियमाबाहेर राहून चांगलं काम करायची परंपरा इटलीत आहे एवढं खरं.

प्रश्न : ताई, माझं सासर रोमान्याचं, फोर्लीजवळ. लग्नाला दोन वर्षं झाली. मागच्या रविवारी जेवायला जाताना मी तीन लिटरची बॅग-इन-बॉक्स वाईन घेऊन गेले, सांजोव्हेझे होती, दुकानदाराने चांगली म्हणून सांगितली होती. सासूबाईंनी बघितली, हसल्या, आणि खोकं उचलून सिंकच्या खाली साबणाच्या डब्यांशेजारी ठेवलं. जेवताना दुसरीच वाईन आली. नवरा म्हणतो मनावर घेऊ नको. मी घेतलंय. खोक्यातली वाईन खरंच एवढी वाईट असते का?

अगं साबणाशेजारी! हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसत बसले, माफ कर.

वाईट नसते. खोक्याच्या आत एक पिशवी असते, तिला नळ असतो, वाईन काढली की पिशवी आतल्या आत चिमटत जाते आणि हवा शिरत नाही, त्यामुळे नळ उघडल्यावर चार ते सहा आठवडे वाईन ठीक राहते. उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत मान टाकते, म्हणजे रोज जेवताना एकेक ग्लास घेणाऱ्या घरात खोकंच शहाणपणाचं. न उघडता मात्र फार ठेवू नकोस, प्लॅस्टिकमधून थोडी थोडी हवा जातेच, भरल्यापासून वर्षाच्या आत संपवायची. कायद्यालाही खोकं मान्य आहे, २००८ पासून बऱ्याच डीओसी वाईन्सना निदान २ लिटरच्या खोक्यात यायची परवानगी मिळाली, फक्त बारोलो, ब्रुनेल्लो असल्या मोठ्या नावांना नाही आणि ते बरोबरच आहे, ज्या वाईनला तळघरात दहा वर्षं झोपायचंय तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोण घालेल.

पण तुझा प्रश्न वाईनचा नाहीचे ना, सासूबाईंचा आहे. तर त्यांच्या तळघरात जाऊन बघ. पैज लावते, तिथे डामिजाना असणार, ते वेताच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोपलीत बसवलेलं काचेचं भलंमोठं पोटाळं भांडं, ५४ लिटरचं. सासऱ्यांनी ते गाडीत घालून वायनरीत नेलेलं असेल आणि तिथे पेट्रोल पंपासारख्या नळीने भरून आणलेलं असेल, त्याला व्हिनो स्फूझो म्हणतात, सुटी वाईन. मग वसंतात चंद्राची कला बघून ती बाटल्यांत भरतात, चंद्र चुकला तर वाईन बिघडते असं म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. म्हणजे तुझं खोकं त्या डामिजानाचं नातवंडच, फक्त शहरात वाढलेलं.

अजून एक गंमत. इटलीतली सगळ्यात प्रसिद्ध डब्यातली वाईन, तावेरनेल्लो, १९८३ मध्ये टेट्रा पॅकच्या चौकोनी डब्यात बाजारात आली ती कुठली माहितीये? फाएन्झाची. म्हणजे फोर्लीहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. काविरो नावाचा शेतकऱ्यांच्या सहकारी वायनऱ्यांचा संघ आहे, त्यांची. तेव्हाही लोक हसले होते की दुधासारखी वाईन कोण पिणार, आणि मग ती देशात सगळ्यात जास्त खपणाऱ्या वाईनमध्ये जाऊन बसली. आजही इटलीत 'तावेरनेल्लो' म्हणजे स्वस्त वाईन असा टोमणा मारतात, पण घरोघरी स्वयंपाकात घालायला आणि बऱ्याचदा गपचूप प्यायलाही तीच असते. सासूबाईंना खोक्याचा राग बहुतेक तिथून आलाय, की पाहुणी म्हणून आलीस आणि स्वयंपाकातली वाईन आणलीस.

आणि कियान्ती या तोस्कानातल्या रेड वाईनचा तो फियास्को घे, गोल बुडाची, गवताने विणलेली बाटली. आपण 'फियास्को झाला' म्हणतो तो शब्द या बाटलीचाच, मूळ अर्थ नुसता बाटली, नाटकवाल्यांच्या बोलण्यातून त्याला फजितीचा अर्थ चिकटला, का ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. काच पातळ फुंकलेली असायची, बूड गोल म्हणून उभी राहायची नाही, मग पाणथळ जागेतलं गवत वाळवून त्याचा विणलेला अंगरखा घालायचे. एम्पोलीच्या आसपास बायका घरी बसून हे विणायचे, फियास्काये म्हणायचे त्यांना. पुढे मजुरी वाढली, गवत विणायला परवडेना, आणि कियान्तीवाल्यांना आपली वाईन भारी आहे हे दाखवायचं होतं म्हणून विसाव्या शतकात हळूहळू सगळे सरळ खांद्यांच्या बोर्दो बाटलीकडे गेले. म्हणजे ज्या बाटलीला आज आपण 'पारंपरिक इटालियन' समजतो ती फ्रान्सवरून उचललेली आहे, आणि जी खरी तिथली होती ती पिझ्झाच्या हॉटेलात मेणबत्ती खोचायला उरली!

उपाय सांगते. पुढच्या वेळी खोकं गाडीतच ठेव. वाईन काचेच्या सुरईत काढून वर ने, टेबलावर ठेव, काही बोलू नकोस. सासूबाईंचा दुसरा ग्लास झाला की सांग. किंवा सांगूच नकोस.

प्रश्न : कॅनमधल्या वाईनला पत्र्याची चव येते का? मला येते. मित्र म्हणतात मनाचे खेळ आहेत.

दोन्ही असू शकतं. कॅनमधून थेट तोंड लावून पितोस ना? मग ओठाला पत्रा लागतो आणि नाक वाईनपर्यंत पोचतच नाही, आणि वाईनची निम्मी चव नाकात असते. ग्लासात ओत आणि पुन्हा सांग.

पण कधी कधी खरंच गडबड असते, आणि ती पत्र्याची चव नसून सडक्या अंड्याचा वास असतो. कॅनच्या आतून एक पातळ प्लॅस्टिकसारखा थर दिलेला असतो, नाहीतर आंबट वाईन ॲल्युमिनियम खाऊन टाकेल. वाईन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साइड घालतात, तो या थरातून पार होऊन धातूपर्यंत पोचला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तो वास. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. म्हणून समजूतदार वायनरी कॅनसाठी वेगळी वाईन तयार करते, सल्फर कमी, तांबं कमी, थर कुठला ते तपासून. आणि बिनडोक वायनरी काय करते, तर जी वाईन बाटलीत खपली नाही ती कॅनमध्ये ओतते. आमच्याकडे एकदा कोणीतरी सुचवलं होतं हे, मीटिंगमध्ये, चक्क. वर्षभरापेक्षा जुना कॅन घेऊ नकोस, तळाशी भरल्याची तारीख किंवा लॉट नंबर असतो तो बघ, उन्हात ठेवलेल्या दुकानातून तर घेऊच नकोस. कॅनचा एक फायदा मात्र निर्विवाद, प्रकाश अजिबात आत जात नाही, पारदर्शक बाटलीतल्या गुलाबी वाईन्सचं शोकेसमध्ये उभं राहून जे वाटोळं होतं ते कॅनमध्ये होत नाही.

प्रश्न : बूच नसलेली, फिरकीच्या झाकणाची इटालियन वाईन गिफ्ट म्हणून दिली तर वाईट दिसेल का?

कोणाला देताय त्यावर आहे. साठीच्या पुढच्या इटालियन बॉसला देत असाल तर बूचवाली द्या आणि विषय संपवा. बाकी कोणाला देत असाल तर सोबत ही गोष्ट सांगा. इटलीत वाल्तेर मास्सा, यरमान, फ्रान्झ हास, प्रा, पोयेर ए सान्द्री असल्या नावाजलेल्या वायनऱ्यांनी एकत्र येऊन फिरकीच्या झाकणाचा प्रचार सुरू केला आणि गटाचं नाव काय ठेवलं तर 'स्व्हिताती'. इटालियनमध्ये स्व्हितातो म्हणजे स्क्रू काढलेला, आणि दुसरा अर्थ, ज्याचा स्क्रू ढिला आहे तो. आपल्याकडच्या सारखंच अगदी! बुचाला कधी कधी जो ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास लागतो आणि चांगली बाटली मोरीत ओतावी लागते, ते टाळायचं हा त्यांचा मुद्दा, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मोठमोठ्या नावांच्या नियमांमध्येही या झाकणाला जागा मिळत गेलीये. प्रोसेकोच्याच टेकड्यांवर 'कोल फोन्दो' नावाची जुन्या पद्धतीची गढूळ, तळाशी साका असलेली वाईन असते, तिला तर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण असतं आणि पोरं आता तीच शोधत फिरतात. आजोबांची वाईन, आजोबांचं झाकण, आणि तरुणांना वाटतं नवीन फॅशन आली.

प्रश्न : नमस्कार ताई, मी बोलोन्यात ग्राफिक डिझायनर आहे. एका लाम्ब्रुस्को (फेसाळ लाल वाईन) आणि पिन्योलेत्तो (पांढरी) बनवणाऱ्या क्लायंटने तरुणांसाठी कॅनची सिरीज करायला दिलीये. ब्रीफमध्ये लिहिलंय की 'वाईनसारखं दिसता कामा नये'. गावाचं नाव नको, द्राक्षाचं नाव नको, वायनरीचा जुना शिक्का नको, फक्त मोठी अक्षरं आणि एक कार्टून. मला हे खटकतंय पण मी वाईन पीत नाही त्यामुळे बोलायचा हक्क आहे का कळत नाही. काय करू?

हक्क आहे. उलट न पिणाऱ्याला जे खटकतं ते नवीन पिणाऱ्यालाही खटकणार, क्लायंट इथेच चुकतोय.

त्यांची काळजी मी समजू शकते. इटलीत १९७० च्या आसपास माणशी वर्षाला १०० लिटरच्या वर वाईन प्यायली जायची, आता ती ४० च्या आसपास आलीये, कारण दुपारच्या जेवणासोबत वाईन ही सवयच गेली, आणि तरुण मुलं संध्याकाळी आपेरितिव्होला, म्हणजे जेवणाआधी, स्प्रिट्झ नावाचं कॉकटेल घेतात नाहीतर बिअर. मग वायनरीवाले घाबरतात आणि म्हणतात की यांना वाईनची भीती वाटते, लेबलवरचे डझनभर शब्द कळत नाहीत, सगळे काढून टाका. भीतीचं खरं आहे, शब्द काढणं हा त्यावरचा इलाज मला पटत नाही. मुलांना सतरा शब्दांतला कुठला महत्त्वाचा ते कळत नाही, एवढीच अडचण आहे. मग तू तीनच ठेव, पण मोठे ठेव : कुठली, कशाची, कोणी केली. मोदेनाजवळची, लाम्ब्रुस्को, अमुक कुटुंबाची. आणि चौथी ओळ जी कोणीच लिहीत नाही, चव कशी आहे आणि किती थंड करायची. 'सुकी, लाल, फेसाळ, फ्रिजमधून काढून प्या.' बस. लाम्ब्रुस्को गोड असते असं अर्ध्या जगाला वाटतं, कारण सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत जी धो धो गेली ती गोडसर होती, त्यामुळे 'सुकी', म्हणजे गोड नसलेली, हा शब्द त्या कॅनवर कुठल्याही कार्टूनपेक्षा जास्त काम करेल.

एक धोका मात्र क्लायंटला विचारून घे, की कॅनमध्ये जी वाईन जातेय ती नक्की कुठल्या दर्जाची, डीओसी, आयजीटी (भागाच्या नावाचा, जरा सैल नियमांचा दर्जा) की नुसती 'व्हिनो'. त्यांच्या त्या नावाच्या दिशिप्लिनारेमध्ये कॅनला परवानगी नसेल तर ते नाव तू छापूच शकत नाहीस, आणि मग तू केलेलं सगळं डिझाइन कचऱ्यात. कॅनचा साइजही आधी विचार. युरोपात साध्या, बिनफेसाच्या वाईनला १०० मिलि ते दीड लिटरच्या दरम्यान ठरलेलेच आठ आकडे चालतात, त्यात १८७ आणि २५० आहे पण २०० नाही, आणि २०० जास्त दाबाच्या फेसाळ वाईनच्या, स्पूमान्तेच्या, यादीत आहे. हे माहीत नसल्यामुळे एका ठिकाणी सुंदर छापलेले कॅन गोडाऊनमध्ये पडून राहिलेले मी बघितलेत, नाव नाही सांगत. शिवाय जागा धर : अल्कोहोलचं प्रमाण, 'सल्फाइट्स आहेत' ही सूचना, लॉट, भरणाऱ्याचं नाव, २०२३ च्या सुरुवातीपासून पॅकेजिंगच्या मटेरियलचा कोड, ॲल्युमिनियमला एएलयू ४१, आणि ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाईनसाठी घटक आणि पोषणमूल्यं, जी क्यूआर कोडमागे ठेवता येतात. त्या क्यूआर कोडचं वाईनवाल्यांना फार दुःख आहे, म्हणतात सुंदर लेबलवर हा काळा चौकोन. मला तर ती फुकट मिळालेली जागा वाटते. मात्र कायद्याच्या त्या घटकांच्या पानावर जाहिरात चालत नाही, म्हणून गोष्टीसाठी दुसरा कोड दे, तिथे त्या मळ्याचा फोटो टाक, आजीचा आवाज टाक, काय वाट्टेल ते.

आणि क्लायंट म्हणाला की छोटं पॅकिंग आणि मॉडर्न डिझाइन म्हणजे परंपरा सोडणं, तर त्याला कंपारी सोडा या कडसर पेयाची (बिटर म्हणतात त्याला) बाटली दाखव. १९३२. फोर्तुनातो देपेरो नावाच्या फ्युचरिस्ट चित्रकाराची कल्पना, उलट्या ठेवलेल्या ग्लाससारखी शंकूच्या आकाराची, ९८ मिलि, एका माणसाची, तयार मिसळलेली, आणि बाटलीवर लेबलच नाही, अक्षरं काचेतच उठवलेली. वाईन नाही ती, मान्य, पण एका घोटाचं सुटं पॅकिंग इटलीत नव्वद वर्षांपूर्वी झालंय आणि आजही तीच बाटली विकली जाते. ती बिटरसारखी दिसत नाही असं कोणी म्हणेल का? ती फक्त तिच्यासारखीच दिसते. ब्रीफमध्ये ते वाक्य बदलून घे.

प्रश्न : कागदाच्या बाटलीतली वाईन खरंच पर्यावरणासाठी बरी की नुसती जाहिरात?

थोडं थोडं दोन्ही. कागदी बाटली फ्रुगलपॅक या ब्रिटिश कंपनीची, २०२० मध्ये आली, आणि तिच्यात पहिली भरलेली वाईन इटलीचीच होती, उम्ब्रियातल्या कान्तिना गोच्चा या वायनरीची. रिकामी बाटली ८३ ग्रॅम, ९४ टक्के रिसायकल केलेला पुठ्ठा, आत पातळ पिशवी. काचेची साधी बाटली अर्धा किलोच्या आसपास भरते आणि काही श्रीमंत रेड वाईनच्या तर जवळजवळ किलोच्या असतात, उचलली की वाटतं वाह काय वाईन असेल, आणि आत तेवढीच पाऊण लिटर! कार्बन किती वाचतो याचे मोठाले आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, तेव्हा जरा सांभाळून, पण काच वितळवायला लागणारी उष्णता आणि ते वजन ट्रकमधून वाहून नेणं, हा एका वाईनच्या बाटलीच्या प्रदूषणातला मोठा हिस्सा असतो याबद्दल वाद नाही. म्हणून कागदी नाही मिळाली तरी हलक्या काचेची घ्या, तेवढ्यानेही फरक पडतो. इटलीत काच परत गोळा व्हायचं प्रमाण चांगलं आहे, ॲल्युमिनियमही जातं, टेट्रा पॅकचं मात्र गावागणिक वेगळं, कुठे कागदात टाकायचा कुठे प्लॅस्टिकमध्ये, नगरपालिकेचा तक्ता बघावा लागतो.

सगळ्यात कमी कचरा कशात, तर त्या व्हिनो स्फूझोत. स्वतःची रिकामी बाटली न्या, भरून आणा. फ्लॉरेन्समध्ये जुन्या वाड्यांच्या भिंतीत छोट्या छोट्या खिडक्या आहेत, बुकेत्ते देल व्हिनो, जेमतेम एक फियास्को जाईल एवढ्या, तिथून जमीनदार घराणी आपल्या मळ्यातली वाईन थेट रस्त्यावरच्या माणसाला विकायची. शहराच्या मध्यात अशा दीडशेच्या वर अजून शिल्लक आहेत. १६३० च्या प्लेगमध्ये तिथून हात न लावता व्यवहार व्हायचा आणि २०२० मध्ये कोविडच्या वेळी काही ठिकाणी त्या खिडक्या परत उघडल्या. तिथून मी एकदा ग्लास घेतलाय, हात आतून बाहेर येतो, माणूस दिसत नाही, मला लहान मुलासारखा आनंद झाला होता.

प्रश्न : उरलेला अर्धा कॅन फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का?

नाही. झाकणच नाही त्याला. दोघांत एक उघडा.

प्रश्न : मी रोममध्ये शिकतो, वय २०. मित्रांबरोबर पार्कात कॅनमधली वाईन घेतो, एक कॅन म्हणजे बिअरच्या एका कॅनएवढंच ना? नंतर स्कूटरवरून घरी जातो.

नाही रे बाबा, अजिबात नाही. २५० मिलिच्या कॅनमध्ये १२ टक्क्यांची वाईन म्हणजे बाटलीचा सरळ एक तृतीयांश भाग. इटलीत एक 'युनिट' १२ ग्रॅम अल्कोहोलचं धरतात, म्हणजे १२५ मिलि वाईनचा एक ग्लास किंवा साध्या बिअरचा एक ३३० चा कॅन. तुझ्या त्या छोट्याशा गोंडस कॅनमध्ये असे दोन आहेत, आणि गार असला की पाच मिनिटांत संपतो, मला या पॅकिंगबद्दल खरी तक्रार असेल तर ही, की बाटली आणि ग्लास असला की माणूस आपोआप मोजतो, कॅन मोजला जात नाही. कंपन्यांनी वर 'दोन ग्लास' असं छापावं असं मी दोनदा बोलून बघितलंय, दोन्ही वेळा विषय बदलला.

आणि स्कूटर विसर. इटलीत सर्वसाधारण मर्यादा रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम आहे, पण २१ वर्षांच्या आतल्यांना आणि लायसन्स मिळून तीन वर्षं न झालेल्यांना ती शून्य आहे. शून्य म्हणजे शून्य, तू २० चा आहेस, म्हणजे अर्ध्या कॅनवरही लागू. बसने जा, किंवा मित्राला सांग गाडी आण. कॅन कुठलाही घे, पण मोदेनाकडची सुकी लाम्ब्रुस्को दिसली तर ती घे, आणि सोबत काहीतरी खा.